दर्शनी भिंत : सातारा, सांगली आणि एडिंबरोची घरे

साताऱ्याच्या राजवाड्याजवळच्या चौपाटीवर संध्याकाळी उभे राहिले की दोन गोष्टी एकाच नजरेत येतात. समोर राजवाड्याची लांबलचक दर्शनी बाजू आणि तिच्या मागे, बरीच वर, अजिंक्यताऱ्याची काळी कड. खाली शहर, वर किल्ला. हे दृश्य इतके सवयीचे आहे की त्याविषयी कुणी काही विचारीत नाही. आम्हीही विचारले नसते. पण मध्यंतरी एडिंबरो शहराच्या जुन्या नकाशांचे एक पुस्तक चाळताना हेच चित्र समोर आले आणि आम्ही थबकलो. तेथेही डोंगरकड्यावर किल्ला, आणि किल्ल्याच्या आश्रयाने दाटलेली जुनी वस्ती सोडून खालच्या सपाटीवर मुद्दाम आखून वसवलेले नवे शहर. त्या नव्या शहरातील एकसारख्या घरांच्या रांगा आज जगप्रसिद्ध आहेत. आणि गंमत अशी की त्या रांगा उभ्या राहत असताना ज्यांचे बालपण किंवा तारुण्य त्या देशात गेले, त्यांपैकी काही माणसे पुढे साताऱ्याच्या इतिहासात येऊन बसली. या योगायोगातून काही निघते का, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी त्या घरांविषयी. १७६६ साली एडिंबरोच्या नगरपालिकेने नव्या शहराच्या आराखड्यासाठी स्पर्धा ठेवली आणि जेम्स क्रेग या तरुणाचा आराखडा पसंत झाला. तीन समांतर रस्ते, दोन टोकांना दोन चौक, असे त्याचे साधे स्वरूप. रस्त्यांना नावे दिली ती राजघराण्याची: प्रिन्सेस स्ट्रीट, जॉर्ज स्ट्रीट, क्वीन स्ट्रीट. १७४५ चे बंड मोडून फार काळ लोटला नव्हता. लंडनच्या राजाशी आपली निष्ठा आहे हे दगडात कोरून ठेवण्याची ती पद्धत होती. आरंभी ज्याला जसे सुचेल तसे घर त्याने बांधले. पण १७९१ मध्ये रॉबर्ट ॲडम या वास्तुकाराकडे शार्लट स्क्वेअर या पश्चिमेकडच्या चौकाची आखणी सोपवण्यात आली, आणि तेथे एक वेगळीच गोष्ट घडली. चौकाच्या उत्तर बाजूला अकरा घरे आहेत, पण समोरून पाहणाऱ्यास ती अकरा दिसत नाहीत. एकच भव्य प्रासाद दिसतो. मधोमध उंच कोरिंथियन स्तंभ व त्यांवर त्रिकोणी माथा, दोन टोकांना किंचित पुढे आलेले भाग, तळमजल्यावर खोल सांधे ठेवलेला दगड, पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच, वर चढावे तशा त्या आखूड होत जातात. ॲडमने तरुणपणी आजच्या क्रोएशियातील स्प्लिट येथे जाऊन रोमन सम्राट डायोक्लिशियनच्या राजवाड्याची मोजमापे घेतली होती आणि १७६४ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली होती. रोमच्या सम्राटाचा वाडा मोजणाऱ्या माणसाने स्कॉटलंडच्या वकिलांना आणि जमीनदारांना राजवाड्याचा एकेक तुकडा वाटून दिला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

हे साध्य कसे झाले, तर कायद्याने. स्कॉटलंडमध्ये भूखंड देण्याची 'फ्यू' नावाची पद्धत होती. जमीन कायमची मिळे, पण वार्षिक पट्टी द्यावी लागे आणि सनदेतल्या अटी पाळाव्या लागत. त्या अटींत घराची दर्शनी बाजू कशी असावी हेही लिहिलेले असे. १८२२ नंतर अर्ल ऑफ मोरे याच्या जमिनीवर जेम्स गिलेस्पी ग्रॅहमने आखलेल्या रांगांत तर या अटी फारच कडक होत्या. घर तुमचे, भिंतीआडचा संसार तुमचा, पण चेहरा रस्त्याचा. मालक अनेक, मुख एक. या घरांची पाठ मात्र पाहण्यासारखी असते. पुढे क्रेगलीथच्या खाणीतला तासून गुळगुळीत केलेला दगड आणि मागे अनघड धोंड्यांची भिंत! जिथे परक्याची नजर पोहोचत नाही तिथे खर्च कशाला, हा हिशेब उघड आहे. नोकरचाकर तळघरात किंवा माळ्यावर, मधले मजले मालकाचे.

आता वाड्याकडे वळू. साताऱ्यात, वाईत, मेणवलीत ज्याने जुने वाडे पाहिले आहेत त्याच्या लक्षात येईल की वाड्याची रीत याच्या नेमकी उलट आहे. बाहेरून तो जवळजवळ मुका असतो. खाली काळ्या दगडाचे जोते, वर विटांची किंवा पांढऱ्या मातीची जाड भिंत, खिडक्या थोड्या आणि उंचावर. सगळा थाट काय तो दिंडी दरवाजाचा. देवडी ओलांडून चौकात आले की मग घर बोलू लागते: सागवानी खांब, त्यांवरची केळफुले, महिरपी, ओसरी, कडीपाट. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा सहा चौकांचा आहे. कृष्णेच्या घाटावरून पाहणाऱ्यास त्याची कल्पनाही येत नाही. घर मोजण्याचे माप म्हणजे 'खण', दोन खांबांमधले अंतर. एडिंबरोचे घर तीन खिडक्यांचे म्हणून सांगतात, आमचे घर पाच खणांचे. एक माप रस्त्यावर उभे राहून घेता येते, दुसऱ्यासाठी आत जावे लागते. या भेदात आम्हाला केवळ वास्तुशैली दिसत नाही. समाजाने स्वतःला कोणापुढे मांडावयाचे, याचे ते उत्तर आहे. वाड्याचा चेहरा आप्तांसाठी, आश्रितांसाठी आणि चौकात येण्याची ज्यांना मुभा आहे त्यांच्यासाठी असतो. ज्यांना ती नाही त्यांच्यासाठी भिंत. तेव्हा वाड्याच्या अंतर्मुखतेचे फार कौतुक करण्याआधी देवडीवर कोण अडवला जाई हेही आठवावे.

साताऱ्याचे शहरही किल्ल्यावरून खाली आलेले आहे. १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांना येथे राज्याभिषेक झाला आणि त्यांच्या दीर्घ कारकिर्दीत किल्ल्याच्या पायथ्याशी पेठा वसत गेल्या. काही पेठा वारांच्या, काही माणसांच्या: मंगळवार, शनिवार, गुरुवार, तशाच यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा आणि पुढे प्रतापगंज. क्रेगच्या आराखड्यातील रस्त्यांची नावे राजनिष्ठेची ग्वाही देतात. आमच्या पेठांची नावे बाजाराचा वार किंवा वसवणाऱ्याची आठवण सांगतात. या पेठांत घराला घर लागून असते, दोन घरांत एकच भिंत असते, समोर सलग ओटे असतात. म्हणजे रांग आहेच. एकच चेहरा मात्र नाही, कारण तो असावा असे कोणी कोणाकडून लिहून घेतले नाही.

आणि आता ती माणसे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १७७९ चा. त्याचे वडील एडिंबरोच्या किल्ल्याचे गव्हर्नर होते आणि १७९१-९२ मध्ये हा मुलगा तेथल्या रॉयल हायस्कुलात शिकत होता. किल्ल्याच्या तटावरून खाली पाहिले की नवे शहर दिसते. ॲडमचा आराखडा त्याच काळातला. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या मनावर त्याचा काय ठसा उमटला हे सांगणे कल्पनेचे काम होईल. आम्ही इतकेच म्हणू की किल्ला सोडून सपाटीवर आखीव शहर उभे राहताना त्याने लहानपणी पाहिले, आणि १८१८ मध्ये मराठ्यांचे किल्ले एकामागून एक रिते करून घेण्याचे काम त्याच्याकडे आले. प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर पुन्हा बसवण्याचा निर्णय त्याचा. त्यांच्या राज्याची घडी बसवण्यासाठी त्याने ज्या अधिकाऱ्यास नेमले तो जेम्स ग्रांट डफ हाही स्कॉटलंडच्या ईशान्येकडील बॅम्फचा. १८१८ ते १८२२ तो साताऱ्यास होता. परत जाऊन १८२६ साली त्याने मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. तिसरा जॉन मालकम, डम्फ्रीसच्या डोंगराळ मुलखातला. तो मुंबईचा गव्हर्नर असताना १८२९ मध्ये साताऱ्याच्या महाराजांकडून खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वर मिळाले आणि तेथील पेठेस मालकमचे नाव लागले. याच मालकमच्या गावकुसातला एक गवंडी १७८० मध्ये एडिंबरोच्या नव्या शहरात दगड घडवण्यास गेला होता; तो पुढे पूल बांधणारा थोर अभियंता टॉमस टेलफर्ड म्हणून नावारूपास आला. आणि चौथा डलहौसी, एडिंबरोपासून काही मैलांवरच्या डलहौसी किल्ल्यात जन्मलेला. १८४८ च्या एप्रिलात शहाजी महाराज निवर्तले, दत्तक नामंजूर झाला आणि राज्य खालसा करण्यात आले. गादी देणारा आणि घेणारा, दोघेही एकाच टापूतले.

हा निव्वळ योगायोग नव्हे. हेन्री डंडास या स्कॉटिश मुत्सद्द्याच्या हाती हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणारे मंडळ बरीच वर्षे होते आणि त्याच्या वशिल्याने कंपनीच्या नोकऱ्यांत स्कॉटिश तरुण मोठ्या संख्येने शिरले. त्याचा उंच स्तंभ एडिंबरोच्या सेंट अँड्र्यू चौकात आजही आहे. हिंदुस्थानात मिळवलेला पैसा आणि वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या मळ्यांचा पैसा त्या सुबक रांगांत मुरला आहे. दगडाच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून हे कळत नाही.

मात्र या मंडळींनी साताऱ्यात तशी रांग बांधली नाही. त्यांनी कॅम्पात आणि महाबळेश्वरच्या टेकड्यांवर बंगले बांधले. चौफेर मोकळी जागा, मध्ये एकटे घर, भोवती व्हरांडा. शेजाऱ्याशी भिंत वाटून घेणे मायदेशात प्रतिष्ठेचे होते, येथे ते अंतर राखण्याच्या आड आले असते. रांग आली ती मुंबईत, तीही पुष्कळ उशिरा. कोटातल्या जुन्या हिरवळीची दशा पाहून पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट याने तेथे वर्तुळाकार चौक करण्याची सूचना केली; अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा खेळत होता; भूखंड विकले गेले, आणि दर्शनी बाजू जेम्स स्कॉटच्या एकाच नमुन्याप्रमाणे बांधण्यात आल्या. १८७२ मध्ये पूर्ण झालेले हे एल्फिन्स्टन सर्कल म्हणजेच आजचे हॉर्निमन सर्कल. समोरच्या टाऊन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक सोसायटीत, एल्फिन्स्टन आणि मालकम यांचे चँट्रीने घडवलेले पुतळे आहेत. संदर्भग्रंथांसाठी तेथे जाणाऱ्या आमच्यासारख्यांनी परतताना पायऱ्यांवर क्षणभर थांबून समोरची कमानींची गोलाई पाहावी. अनेक मालकांना एक चेहरा घ्यायला लावण्याचे तंत्र मराठी मुलखात सर्वांत स्पष्ट दिसते ते येथेच.

साताऱ्यात त्या काळी जे घडत होते ते याहून गुंतागुंतीचे आहे. प्रतापसिंह महाराजांनी १८२४ मध्ये राजवाडा बांधला. त्याला लागून दुसरा, नवा राजवाडा १८३८ ते १८४४ या काळात उभा राहिला. त्याची आखणी गॅझेटियर स्मिथ नावाच्या अभियंत्याकडे देते आणि वेण्णा व कृष्णा नद्यांवरचे पूलही त्याचेच असल्याचे सांगते. तारखांकडे लक्ष द्यावे. १८३९ च्या सप्टेंबरात प्रतापसिंह पदच्युत होऊन काशीस पाठवले गेले. त्यांच्या बाजूने दाद मागण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि चौदा वर्षे तेथे झगडत राहिले. इकडे भाऊ शहाजी महाराजांच्या कारकिर्दीत वाडा पूर्ण झाला, आणि तो पूर्ण होऊन पाच वर्षे होतात न होतात तो राज्यच उरले नाही. रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या या लांब इमारतीकडे पाहताना आम्हाला नेहमी वाटते की सत्ता हातातून जात असताना तिचा चेहरा बांधून घेतला जात होता. शाहू महाराजांच्या वेळचा रंगमहाल १८७४ मध्ये जळाला. नव्या वास्तूत न्यायालये व कचेऱ्या भरू लागल्या; जुन्या राजवाड्यात शाळा आली. त्या शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी या मुलाचे नाव दाखल झाले. देवडीवर अडवल्या जाणाऱ्यांतला एक मुलगा राजाच्या वाड्यात शिरला, तो शाळेच्या दाखल्यावर. आणि तेथेही त्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. दरवाजा उघडणे आणि चौक उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सांगलीत राजाच्या घराचा उपयोग निराळा झाला. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी मिरजेपासून विभक्त होऊन सांगलीस राजधानी केली, गणपतीचे मंदिर उभारले, पेठा वसवल्या. कर्नाटकातून आलेल्या भागवतांचा खेळ पाहून त्यांनी विष्णुदास भावे यांना तसे काही मराठीत करण्यास सांगितले, आणि १८४३ च्या नोव्हेंबरात 'सीता स्वयंवर' राजवाड्यात झाले. साताऱ्याचा नवा राजवाडा बांधून होत असतानाच ही घटना घडली, हे सहसा कोणी जोडून पाहत नाही. मराठी नाटकाचा आरंभ रस्त्याकडे दर्शनी कमान असलेल्या नाट्यगृहात झाला नाही. तो घराच्या आत, निमंत्रितांपुढे झाला. पुढे राजाश्रय तुटला आणि भाव्यांना तिकीट लावून गावोगाव फिरावे लागले, तेव्हा कुठे नाटकाला रस्त्याचा माणूस मिळाला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा प्रवास घरांच्या भाषेतही वाचून पाहावा. कृष्णाकाठच्या या गावाला जोत्याची उंची किती असावी हे नदी शिकवते. २००५ आणि २०१९ च्या पुरांत पांढऱ्या मातीच्या भिंतींनी जो मार खाल्ला तो डागडुजीने भरून येणारा नव्हता.

ग्रांट डफचा इतिहास काही वर्षांतच डेव्हिड केपन आणि बाबा साने यांनी 'मराठ्यांची बखर' म्हणून मराठीत आणला. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेत त्यावर टीका लिहिली, आणि तेथून आमची इतिहासाची चिकित्सा सुरू झाली असे मानतात. डफविषयी अन्याय्य बोलू नये. त्याने कागद पाहिले, साताऱ्यात बसून पाहिले, बखरी जमवल्या. परंतु त्याचा ग्रंथ वाचताना शार्लट स्क्वेअरची आठवण आम्हाला टाळता येत नाही. घराणी अनेक, पण सर्वांवर एकाच प्रमाणबद्ध कथनाची दर्शनी बाजू; लढाया आणि तह उंच खिडक्यांसारखे, बाकी सारे तळघरात. राजवाडे यांना वाईत एका घरात दप्तर सापडले आणि १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यातून निघाला. पारसनिसांनी साताऱ्यात राहून मेणवलीचे दप्तर मिळवले. ही माणसे वाड्याच्या आत गेली, माळ्यावर चढली. जो इतिहास रस्त्यावरून दिसत नव्हता तो रुमालांत बांधलेला होता. वाडा मुका होता म्हणून तो टिकला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याच मुकेपणामुळे किती दप्तरे वाळवीने खाल्ली याचा हिशेब कोणाजवळ आहे?

म्हणूनच आजचा प्रश्न टोचतो. एडिंबरोच्या रांगाही विसाव्या शतकाच्या मध्यास ढासळू लागल्या होत्या. १९७० मध्ये तेथे मोठी परिषद भरली, दुरुस्तीस सार्वजनिक पैसा मिळू लागला, आणि १९९५ मध्ये जुने व नवे शहर मिळून जागतिक वारशाच्या यादीत गेले. एकाच्या छताचे पाणी दुसऱ्याच्या भिंतीत जाते आणि एकाने चेहरा बिघडवला तर साऱ्यांचा बिघडतो, हे तेथे दोनशे वर्षांपूर्वीच सनदेत लिहिलेले होते. त्यामुळे राखायचे काय, यावर निदान वाद नव्हता. आमच्याकडे वाडा हा घराण्याचा. घराणे फुटले की चौकात भिंत येते, सातबाऱ्याप्रमाणे खण वाटले जातात; १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेल्या भाड्यात मालकाला कौले शाकारणेही परवडत नाही, आणि भाडेकरू दुसऱ्याच्या घरावर खर्च का करील? रस्त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही, कारण वाड्याने रस्त्याला कधी काही देऊ केलेच नव्हते. वाडा पडतो तेव्हा हळहळ होते, नुकसान मात्र कोणाचेच नोंदले जात नाही. याला उपाय म्हणून परक्या शहराचे नियम उचलून आणावेत असे आमचे म्हणणे नाही. चेहऱ्याचे नियम चौकाला लागू पडणार नाहीत. चौक कोणाचा, हे आधी ठरवावे लागेल, आणि तो प्रश्न साताऱ्याच्या शाळेतल्या त्या गोणपाटापासून सुरू होतो.

गेल्या खेपेस वाईला गेलो तेव्हा एका आळीत रांगेतले एक घर नुकतेच उतरवलेले होते. तुळया एका बाजूला रचून ठेवल्या होत्या, नंबर घालून. त्या विकल्या गेल्या होत्या. दोन घरांतली सामाईक भिंत पहिल्यांदाच उघडी पडली होती, आणि तिच्यावर गेलेल्या घराच्या खुणा जशाच्या तशा होत्या: जिन्याची तिरपी रेघ, चुलीचे काळे, माजघराचा हिरवा रंग, देवाचा कोनाडा. शेजारचे गृहस्थ पावसाच्या आत त्या भिंतीला पत्रे ठोकून घेण्याच्या घाईत होते. आम्ही विचारले, तर म्हणाले की भिंत दोघांची आहे, पण आता दुसरा कोण ते त्यांना ठाऊक नाही.